पोवळीच्या दुधाची साय

मिरजोळे, ता. १८ फेब्रुवारी १९३४

चि. चिंतामणीस कमलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बंगळूरची थंडी सोसते म्हणतोस, बरं वाटलं. इकडची बातमी मात्र बरी नाही. पोवळी परवा व्याली. कालवड झाली, पण आंधळी. डोळे टपोरे आहेत, नुसते उघडे. दिवा पुढ्यात नेला तरी हलत नाहीत. पोवळीलाही दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं आहे. काल गोठ्याकडे येताना कुंपणाच्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर धडकली आणि गुडघा फोडून घेतला.

तुझ्या शब्दावर तुझ्या दादांनी ही सिंधी गाय मुंबईहून पडावात घालून आणवली. बंदरावर उतरवली तेव्हा निम्मी रत्नागिरी बघायला आली होती. आपल्या गावठी गाई चहापुरतं दूध देतात, ही घागर भरते. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाळंतिणी, शिवाय चाळीसेक घरं आपल्या रतिबावर आहेत. गणपतीच्या देवळातल्या अभिषेकालाही हिचंच दूध जातं. दादा ते कुणालाही अभिमानाने सांगतात. आता लोक आंधळी कालवड बघून जातात आणि तोंडावर काही बोलत नाहीत, त्याचा त्यांना जास्त त्रास होतो.

खायला भाताचा पेंढा आणि दोन वेळचं आंबोण, एवढंच. हिरवं म्हणशील तर दिवाळीनंतर डोळ्यांना दिसलेलं नाही. तुमच्या दुग्धव्यवसायाच्या शाळेत यावर काही सांगत असतील तर लिही.

तुझी
वहिनी


बंगळूर, ता. १ मार्च १९३४

ती. सौ. वहिनीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी आमच्या मास्तरांना कानडी मित्राच्या मदतीने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकताच मान हलवली. हे आहाराचं दुखणं आहे. हिरव्या चाऱ्यात एक जीवनसत्त्व असतं, ते वाळल्या पेंढ्यात राहत नाही. ते महिनोन् महिने पोटात गेलं नाही की आधी रात्रीचं दिसेनासं होतं, आणि गाभण गाईचं वासरू आंधळं जन्मतं. कालवडीचे डोळे आता यायचे नाहीत. पोवळीचे येतील.

हिरवा चारा पावसाळ्यापर्यंत मिळणार नाही. दुसरा उपाय आहे आणि तो तुमच्या दाराशी आहे. माशाच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल. विलायतेत गुरांना सर्रास पाजतात. मुशी माशाच्या काळजाचं तेल आपले कोळी होड्यांना लावायला काढतातच. रोज अर्धी वाटी आंबोणात कालवून दिलं की महिन्याभरात गाय सुधारेल. दादांना हेच वेगळ्या पत्राने कळवलं आहे. ते रागावतील. तुम्ही समजूत घाला, वहिनी. औषधाला सोवळं-ओवळं नसतं.

चिंतामणी


मिरजोळे, ता. १६ मार्च १९३४

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

दादांनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं आणि चुलीत घातलं. म्हणाले, "ज्या दुधाने देवाला अभिषेक होतो, त्या गाईच्या पोटात मी मासे घालू?"

मी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी संध्याकाळी पोवळी विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर आत होती. धोंडूने धावत जाऊन कासरा धरला. तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

धोंडू तुला माहीत आहे तसाच आहे. तुला खांद्यावरून शाळेत पोचवायचा तेव्हा जसा कमी बोलायचा, तसाच अजून. धार तोच काढतो, संध्याकाळचं दूध रात्रभर त्याच्याच राखणीत असतं, सकाळी रतीबही तोच घालतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, दादांना कळला तर मना घालवतील." मी म्हटलं, कळणार नाही. आणि कळलंच तर मी पुढे होऊन सांगेन, की हे माझ्या सांगण्यावरून झालं. तो बरं म्हणाला.

आता तो उजाडायच्या आधी मिरकरवाड्याहून झाकणाच्या डब्यात तेल आणतो, कोळ्यांना होडीसाठी म्हणून सांगतो. मी पेंडीत गूळ घालून ते कालवते. वासासाठी नाकाला पदर लावते. गाय मात्र खाते. रिकामा डबा तो परत घेऊन जातो. माझ्या नावाची पत्रं दादा उघडत नाहीत, म्हणून इतकं लिहिते आहे. तू त्यांच्या पत्रात यातलं काही लिहू नकोस.

वहिनी


मिरजोळे, ता. २० एप्रिल १९३४

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

तुझ्या तेलाचा गुण आला. पोवळीला अंधारात दिसतं. काल सांज झाल्यावर गडग्याला वळसा घालून आपली आपण गोठ्यात गेली. दादांनी ते पाहिलं आणि देवापुढे साखर ठेवली. कालवड गेल्या आठवड्यात गेली. सुटली असंच म्हणायचं.

एक विचारायचं आहे. दूध भरपूर आहे, पण साय धरत नाही. पूर्वी बोटभर जाड यायची, आता कागदासारखी येते आणि पळीने उचलायला गेलं की विरते. विरजण घुसळलं तर लोणी लिंबाएवढं. डॉक्टरांच्या घरून निरोप आला की दूध हल्ली निराळं लागतं. आणखी दोन घरांनी विचारलं. दादा म्हणतात, लोकांना सवय लागली की तोंडं वाकडी करतात. पण साय मी रोज डोळ्यांनी बघते. हे कशाने?

वहिनी


बंगळूर, ता. ३० एप्रिल १९३४

ती. सौ. वहिनीस नमस्कार.

पोवळीची बातमी मी वर्गात सगळ्यांना सांगितली. मास्तर म्हणाले, तुझी वहिनी आमच्या इथे हवी होती.

सायीची काळजी करू नका. उन्हाळ्यात सगळ्याच गाईंची साय उतरते. शिवाय गाय बरी झाली, दूध वाढलं, की त्यातला स्निग्धांश पांगतो. सरकी मिळाली तर आंबोणात घाला. पावसाळ्यात आपोआप ठीक होईल. तेल मात्र सोडू नका. पुढचं वासरू धडधाकट हवं असेल तर तेच कामाला येणार आहे.

चिंतामणी


मिरजोळे, ता. २९ मे १९३४

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

काय आणि कसं लिहावं कळत नाही, तरी लिहिते.

गावात नवे आरोग्य तपासनीस आले आहेत, मुंबईला शिकलेले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते एका सकाळी आपला रतीब वाटेतच अडवून दूध घेऊन गेले. दादांना बोलावून त्यांच्यासमोर तपासलं. काचेच्या नळीत दूध, त्यात तेजाब, आणि ते यंत्रात घालून गरगर फिरवलं. म्हणाले, पाणी घातलेलं नाही, पाणी असतं तर लगेच समजलं असतं. या दुधातली साय काढून घेतलेली आहे. बाळंतिणींच्या दुधातली साय काढतात, ही गोष्ट डॉक्टरांच्या दवाखान्यात दहा माणसांत बोलली गेली.

दादा घरी आले, पाय न धुता माजघरात आले आणि मला विचारलं, "साय तू काढत होतीस का?" तुला मागे तुपाचा डबा पाठवला होता, तो त्यांच्या मनात असणार. मी देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं. ते म्हणाले, मग धोंडूच.

दुसऱ्या दिवशी ओटीवर डॉक्टर, देवळाचे दोन पंच आणि शेजारचे काशीराम बसले होते. धोंडू खाली अंगणात उभा. काशीराम म्हणाले, हा रोज पहाटे झाकणाचा डबा घेऊन गोठ्यातून बाहेर पडताना मी पाहिला आहे. दादांनी विचारलं, डब्यात काय नेतोस? धोंडू बोलेना. पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने एकदा माजघराच्या दाराकडे पाहिलं. मी दारामागेच उभी होते. मग खाली बघून म्हणाला, "कायबी नाय."

दादांनी त्याला तिथल्या तिथे जायला सांगितलं. इतक्या वर्षांच्या माणसाला. त्याने पागोटं नीट केलं, गोठ्यात जाऊन पोवळीपुढे पेंढा टाकला आणि गेला.

मी पुढे झाले नाही. तोंडाशी आलेलं होतं. पण डब्यात माशाचं तेल होतं असं मी म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार कर. चाळीस घरांतल्या बायकांनी ते दूध नैवेद्याला वापरलं आहे. देवळात त्याचा अभिषेक झाला आहे. दादांना गावात उभं राहायला जागा उरली नसती. आणि तेलाचं सांगून सायीचं कोडं सुटलंही नसतं. तेलाचा आणि सायीचा काय संबंध? मी स्वतःला दिवसातून दहा वेळा हेच सांगते. संबंध नाही ना, चिंतामणी?

वहिनी


बंगळूर, ता. ९ जून १९३४

ती. सौ. वहिनीस नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. संबंध काहीच नाही. उलट जो प्राणी तेल खाईल त्याच्या दुधात स्निग्धांश वाढावा, कमी कसा होईल? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

लिहायला जड जातं, पण नळीची तपासणी खोटं बोलत नाही. साय गेली म्हणजे कुणीतरी नेली. तुम्ही नाही, दादा नाहीत. रतीब धोंडूच्या हातात होता. माणसाच्या मनात कधी काय येतं, सांगता येत नाही. तेलाच्या डब्याआडून त्याची सोय झाली असेल. त्याने तेलाचं नाव घेतलं नाही ते तुमच्यासाठी, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, त्याला बोलायला तोंडच नव्हतं.

चिंतामणी


मिरजोळे, ता. २२ जुलै १९३४

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

आगबोटी बंद आहेत, हे पत्र घाटावरून येईल. तू म्हणालास तेच खरं ठरलं. धोंडू गेला आणि पंधरा-वीस दिवसांत साय परत आली, पूर्वीसारखी जाड. तेल आणायला कुणी उरलं नाही म्हणून तेही बंद झालं, पण आता चौफेर हिरवं आहे, पोवळीला त्याची गरज नाही. तपासनीसांनी पुन्हा दूध नेऊन नळी फिरवली आणि दादांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बघा, चोर गेला आणि चोरी थांबली. सोडलेली घरं परत आली. आता गावात कुणाच्या मनात शंका नाही.

माझ्याही नाही. इतके दिवस घास उतरत नव्हता. साय दिसली त्या दिवशी मी पोटभर जेवले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

धोंडू मुंबईला गोदीत लागला आहे असं ऐकलं. त्याची बायको चिमा देवरूखच्या पलीकडे त्यांच्या गावी असते.

वहिनी


बंगळूर, ता. ४ ऑक्टोबर १९३४

ती. सौ. वहिनीस,

हे पत्र एकटीने वाचा.

इथे आमच्या गोठ्यात सहा सिंधी गाई निवडून तीन गाईंना माशाचं तेल सुरू केलं होतं. रोज दूध तपासायचं काम माझ्याकडे होतं. आठवड्याच्या आत त्या तिघींचा स्निग्धांश घसरला. मला वाटलं माझाच हात चुकतो. मी नळ्या धुऊन पुन्हा पुन्हा तपासलं. दूध तेवढंच, पाणी नाही, आणि साय मात्र कुणीतरी काढून घेतल्यासारखी. तेल थांबवल्यावर हळूहळू पहिल्यासारखी झाली. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, हे विलायतेतल्या लोकांना काही वर्षांपासून माहीत आहे, माशाच्या तेलाने दुधातला स्निग्धांश उतरतो, का उतरतो ते अजून कुणी सांगू शकत नाही. मी विचारलं, मला तेव्हा का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तू गाईच्या डोळ्यांचं विचारलं होतंस.

वहिनी, साय कुणीच काढली नव्हती. पोवळीने ती दिलीच नव्हती. धोंडूने तुमचं नाव घेतलं नाही आणि मी त्याला इथे बसून चोर ठरवलं.

आजच्या आज दादांना सांगा. मी आमच्या तपासणीचे आकडे मास्तरांच्या सहीने तपासनीसांना पाठवतो. मुंबईला कुणालातरी धाडून धोंडूला परत आणा. त्याच्या पाया पडायला मी येतो.

चिंतामणी


मिरजोळे, ता. २१ ऑक्टोबर १९३४

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आधी तीन दिवस देवरूखकडचा एक माणूस दारात सांगून गेला होता. धोंडू श्रावणातच गेला. गोदीत बोटीतून माल उतरवताना वरून गोणी सुटल्या त्याच्या अंगावर. तिथेच त्याला अग्नी दिला. गावी निरोप यायलाही महिना लागला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग दादा संध्या करून उठेपर्यंत थांबले आणि त्यांच्या हातात दिलं. तेलाचं, डब्याचं, मी दारामागे होते त्याचं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील, हाकलून देतील. तयारी होती. त्यांनी पत्र घडी करून परत दिलं. देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले, दिवा विझला तरी बसून राहिले.

सकाळी म्हणाले, "धोंडू गेला तो गेला. आता चाळीस घरांचे देव कशाला बाटवायचे? चिंतामणीला लिही, कुठेही काही पाठवू नको."

मी म्हटलं, त्याचं नाव चोर म्हणूनच राहील. ते म्हणाले, राहील. आणि उठून गेले. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. स्वतः विहिरीवरून काढून पितात. बाहेर कुणाला काही कळू देत नाहीत.

वहिनी


बंगळूर, ता. ३० ऑक्टोबर १९३४

ती. सौ. वहिनीस नमस्कार.

दादांचं म्हणणं मला मान्य नाही. मी नाताळच्या सुट्टीत येतो आहे. देवळात उभा राहून सगळ्यांना सांगेन की तेलाचा सल्ला माझा होता, लोकांनी माझ्यावर काय टाकायचा तो बहिष्कार टाकावा. मग देवरूखला जाऊन धोंडूच्या बायकोला सांगेन. तिला तरी कळायला हवं की तिचा नवरा चोर नव्हता. एवढं तरी मला करू द्या.

चिंतामणी


मिरजोळे, ता. १२ नोव्हेंबर १९३४

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मावशीकडे जाते असं सांगून, मी सर्व्हिस मोटारने देवरूखला गेले आणि तिथून विचारत विचारत चिमाच्या वाडीवर. तू सांगायच्या आधी मी सांगावं असं वाटलं. धोंडूला शब्द मी दिला होता.

चिमा खळ्यात नाचणीची कणसं पसरत होती. मला ओळखलं, पण उठली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि अथपासून इतिपर्यंत सांगितलं. आंधळी कालवड, तेल, डबा, त्याने माझ्या दाराकडे पाहिलं ते, तुझं पत्र. ती कणसं हलवत ऐकत होती. मध्येच हात थांबले.

मग म्हणाली, तो मिरजोळ्याहून आला तेव्हा वाडीत बातमी त्याच्या आधी पोचली होती. तिने विचारलं, साय काढून कुठच्या बाईला पाजलीस? तो म्हणाला, मी काढली नाय. ती म्हणाली, मग डब्यात काय होतं? त्यावर तो गप्प. मुंबईला निघाला त्या सकाळी तिने त्याला भाकरी बांधून दिली नाही. चोराला माझ्या चुलीवरची भाकरी नाही, असं वाडीला ऐकू जाईल असं बोलली. तो तसाच उपाशी गेला. मेल्याची बातमी आली तेव्हा तिने बांगड्या फोडल्या, पण रडली नाही.

मी तिचे पाय धरायला गेले. तिने पाय मागे घेतले.

"कशाला आलात सांगायला, वैनी?" ती म्हणाली. "तो चोर व्हता, असा धरून मी इतके दिस काढले. आता काय धरून काढू?"

ती उठून घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून आवाज येत होता, तो रडण्याचा होता की कशाचा, मला ओळखता आला नाही. बऱ्याच वेळाने वाडीतल्या एका म्हाताऱ्याने येऊन सांगितलं, आता तुम्ही जा.

घरी सगळं पूर्वीसारखं चाललं आहे. दुधाला साय जाड येते. बाबल्या नावाचा नवा गडी रतीब घालतो. डॉक्टरांनी दिवाळीचा फराळ पाठवला होता. दादा देवळातून आले की ओटीवर बसतात, लोक येऊन पोवळीचं कौतुक करतात आणि ते मान हलवतात. रात्री आम्ही दोघं एका घरात असतो, एवढंच.

तू यायचं तर ये, घर तुझं आहे. पण खरं सांगायला म्हणून येऊ नकोस. ज्या दोघांना ते सांगायचं होतं त्यांपैकी एक गेला, आणि दुसरीला मी सांगून आले.

तुझी
वहिनी